शेवटचा रणगाडा

“मोठीआई, मी रणगाडे घेणार नाही!”

ठकीनं दाराला पाठ लावून, एका दमात हे सांगून टाकलं आणि मोठीआईच्या हातातली इस्त्री गणवेशाच्या बाहीवर तशीच थबकली.

“अगं, बाही जळेल!”

“जळू दे! घराला काडी तू लावतेस, बाहीची कसली काळजी?” मोठीआई कडाडली. पण इस्त्री मात्र झटकन उचलली. कापडाचा बिचाऱ्याचा काय दोष!

दुपारी ठकीला सैन्यातली आपली शाखा सांगायची होती. लष्करी अकादमीच्या पाहुण्यांसाठी बांधलेल्या त्या खोल्यांच्या भिंती पापडासारख्या पातळ. पलीकडच्या खोलीत भाऊजी, म्हणजे मोठीआईचे धाकटे दीर आणि ठकीचे वडील कर्नलसाहेब, आपला जुना रणगाडा शाखेचा बिल्ला घासून घासून लखलखीत करत होते. त्यांची शीळ इकडे ऐकू येत होती; त्या शिळेच्या नादात त्यांना मात्र इकडचं काही ऐकू गेलं नव्हतं. कित्येक वर्षांनी माणूस शीळ घालत होता... आणि ही पोरगी!

ठकी काही मोठीआईच्या पोटची नव्हे. रांगती होती तेव्हा तिची आई गेली. मोठीआईचं कपाळ त्याच्या आदल्याच वर्षी फुटलेलं. शिवणाचं चाललेलं दुकान तिनं बंद केलं, मशीन विकलं, आणि एक ट्रंक घेऊन दिराच्या दारात उभी राहिली. “पोरीला कोण बघतंय?” एवढंच विचारलं, आणि उत्तराची वाट न बघता पदर खोचला. तेव्हापासून त्या घरात तिच्या जिभेला हाड नव्हतं. दूधवाला, शेजारीण, खुद्द कर्नलसाहेब, कुणाची तिनं भीड ठेवली नाही. फक्त एक वाक्य होतं, जे तिनं जन्मात कधी उच्चारलं नाही.

ते वाक्य आज ठकीनं उच्चारलं.

“पूर आलेल्या नदीवर मोठ्या काकांनी बांधलेला पूल आम्हाला इथं धडा म्हणून शिकवतात, मोठीआई! दोर तुटायला लागले, तरी ते पाण्यात उभे राहून तराफा धरून होते, शेवटचा रणगाडा पार होईपर्यंत. त्या रणगाड्याचं चित्र दाखवलं गुरुजींनी. आपल्या दिवाणखान्यात बाबा ज्याच्यावर उभे आहेत, तोच तो! तुला... तुला माहीत होतं?”

“नवरा माझा होता, बाई. मला नाही तर कुणाला माहीत असणार?”

“आणि बाबा म्हणतात, दादा फळ्या टाकता टाकता बुडाला, लढता लढता नाही! दिवाणखान्यात पणजोबा, आजोबा, बाबा, सगळे रणगाडेवाले. आणि काकांचा फोटो तुझ्या खोलीत, कपाटाच्या आड! तू एकदाही ऐकवलं नाहीस त्यांना?”

मोठीआईनं इस्त्रीची वायर गुंडाळली.

“ऐकवलं असतं, तर त्या घरात कुणाच्या घशाखाली घास उतरला असता? ज्याचं दुखतं तोच खेकसतो, ठके. तुझ्या बापाचं आतून काय जळतं ते मला दिसत होतं. जळत्यावर तेल कुणीही ओततं, न ओतायला जीभ आवरावी लागते.”

“मग मी पूलबांधणी घेणार! तुझ्यासाठी नाही हं. नदीत कमरेएवढ्या पाण्यात आम्ही फळ्या जोडल्या ना, तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, हे माझं काम!”

मोठीआईच्या हृदयात केवढा आनंद उसळला! इतक्या वर्षांच्या मुक्या वेदनेला कुणीतरी नाव देत होतं... पण त्याच क्षणी पलीकडून शीळ ऐकू आली. भाऊजी गेल्या महिन्यात बोलून चुकले होते: ‘रणगाडे सोडून दुसरं काही घेतलंस, तर मी भर सभेतून उठून जाईन.’ तो माणूस शब्दाचा पक्का. एकदा उठला की मुलीकडे पुन्हा वळून बघणार नाही, आणि मग म्हातारपणी एकटाच भिंतीशी बोलत बसेल!

“माझी शपथ आहे तुला,” तिनं पोरीचा चेहरा दोन्ही हातांत धरला. “रणगाडे म्हण. ह्यांचं जे व्हायचं ते झालं. मेलेल्याच्या मानासाठी जित्या बापलेकींची ताटातूट मला नको!”

ठकी रडत रडत गेली.

दुपारी सभागृह गच्च भरलं. रीत साधीच, पण काळजाचा ठोका चुकवणारी. ज्या शाखेत जेवढ्या जागा, तेवढे पितळी बिल्ले समोरच्या फळीवर खुंट्यांना टांगलेले. गुणांच्या क्रमानं एकेका नव्या अधिकाऱ्याचं नाव पुकारायचं. त्यानं उभं राहून खणखणीत आवाजात शाखा सांगायची, की त्या खुंटीवरचा एक बिल्ला उतरला. खुंटी रिकामी झाली, की मागच्यांसाठी ती शाखा संपली. घरात त्याच शाखेचा जुना बिल्ला असेल तर तोच लावायचा, आणि तो घरच्या वडीलधाऱ्यानं. रणगाड्यांवर सगळ्यांच्या उड्या. पूलबांधणीची खुंटी दरवर्षी शेवटपर्यंत भरलेली.

ठकीचा क्रमांक तिसरा. पहिले दोघे रणगाडे घेऊन मोकळे झाले. भाऊजी पुढे सरकून बसले.

ठकीचं नाव पुकारलं. ती उभी राहिली... आणि गप्प! व्यासपीठावरचे अधिकारी म्हणाले, “शाखा सांगा.” ती बापाकडे नाही, मोठीआईकडे बघत होती. मोठीआईनं हळूच मान हलवली. नाही. शपथ आहे!

“वहिनी, ही तुमच्याकडे का बघतेय?” भाऊजी कुजबुजले.

“लहानपणापासूनची खोड. भाजीत मीठ किती, तेसुद्धा माझ्या तोंडाकडे बघून विचारते. घाबरू नका भाऊजी, तुमचेच रणगाडे घेईल. मी बजावलंय.”

“तुम्ही बजावलंत?” भाऊजींचा आवाज एकदम खाली गेला. “म्हणजे तिला दुसरं काही हवंय... आणि तुम्ही... तुम्ही माझ्या बाजूनं बोललात?”

मोठीआईनं मूठ आवळली. तिच्या मुठीत रुमालाची गाठ होती. ती गाठ कायम तिच्याजवळ असे. भाऊजींनी ती मूठ हलकेच उघडली. गाठ सैल झाली. आत पूलबांधणीचा बिल्ला होता, बोटांनी कुरवाळून कुरवाळून त्यावरची नक्षी पुसत आलेली. दादाचा! ज्या बाईला आपण वर्षानुवर्षं टोचलं, तीच आपल्यासाठी आपल्या नवऱ्याचा मान पुन्हा एकदा पाण्यात सोडायला निघाली होती...

शाखा सांगून होईपर्यंत आईबापांनी मुलांशी बोलायचं नाही, हा सभागृहाचा नियम. भाऊजी बोलले नाहीत. ताडकन उठले. मोठीआईला वाटलं, चालले! पण ते गेले नाहीत. त्यांनी तो झिजलेला बिल्ला दोन बोटांत धरून डोक्याच्या वर, जितका उंच जाईल तितका उंच धरला!

ठकीनं तो पाहिला. मोठीआईकडे पाहिलं. मोठीआईची मान आता कुठे नाही म्हणत होती? ती तर खाली गेली होती, पदर तोंडात कोंबून.

“पूलबांधणी शाखा!” ठकीचा आवाज छताला जाऊन भिडला. सभागृहात कुजबुज उठली. तिसरी आलेली पोरगी, आणि पूल?

“घरचा बिल्ला आहे का? कोण लावणार?” व्यासपीठावरून विचारणा झाली.

भाऊजींनी वहिनीचा हात धरून तिला उठवलं. “ह्या लावतील.”

“नातं?”

“ज्याच्या पुलावरून मी जिवंत घरी आलो,” कर्नलांचे शब्द शेवटच्या रांगेपर्यंत पोचले, “त्याची बायको. आणि माझ्या मुलीची आई!”

मोठीआई पायऱ्या कशा चढली, तिलाच कळलं नाही. आयुष्यभर सुई चालवलेला हात, पण ती एवढीशी पिन कॉलरमध्ये जाईना. “हलू नकोस गं!” तिनं दटावलं. “मी नाही हलत, तूच हलतेयस!” ठकी हसत रडत म्हणाली.

परतीच्या वाटेवर भाऊजींनी विचारलं, “इतकी वर्षं गप्प का राहिलात, वहिनी?”

“मी? गप्प? अख्ख्या गल्लीला विचारून या, भाऊजी!”

आणि कित्येक वर्षांनी दोघं पोट धरून हसले, डोळे पुसत पुसत. ह्या माणसानं दोन शब्दांत आपल्याला सगळं दिलं, मोठीआईला वाटलं. आता देवाकडे मागायला काही उरलंच नाही, मोठी पंचाईत!

घरी पोचल्यावर भाऊजींनी चपला काढायच्या आधी हातोडी शोधली. दिवाणखान्यातला मधला, आपला रणगाड्यावरचा फोटो उतरवून कडेला ठेवला, आणि त्या खिळ्यावर दादाचा फोटो टांगला.

“डावीकडे कलतोय,” मोठीआई खुर्चीतून म्हणाली. “एवढे रणगाडे सरळ चालवलेत, एक फोटो सरळ लावता येईना?”

“आता?”

डोळ्यांत पाणी इतकं भरलं होतं की तिला ना भिंत दिसत होती, ना फोटो, ना खाली उभा असलेला दीर.

“आता बरोबर,” ती म्हणाली.