वयाचे ठोके

मी राहात्याच्या शाळेत गणित शिकवते. मोजण्यात माझी चूक होत नाही, एवढं आधीच सांगून ठेवते.

आमच्या मंडळीत रिवाज आहे. माणूस गेलं की चर्चची घंटा त्याच्या वयाइतके ठोके देते. आई चार महिने अंथरुणाला खिळली होती आणि तिने एकच धोशा लावला होता. "आधारवर एक्क्याऐंशी हाय, ते अंदाजानं लिवलंय. चुकीचे ठोके घिऊन मी कबरीत जायची न्हाई, ज्योती. बेथेलवाडीच्या वहीत बघ." जित्याची खोड, म्हणत मी हसले आणि रविवारी दुपारी निघाले.

बेथेलवाडी आमचं मूळ गाव, सोनईच्या पुढे. बाहत्तरच्या दुष्काळात विहीर आटली तेव्हा सगळी मंडळी घंटा उतरवून, बैलगाडीत घालून राहात्याला आली. परत कोणीच गेलं नाही. मागे राहिलं ते चर्च, पडक्या भिंती आणि कबरी. शेजारच्या वस्तीवरच्या रंगुबाई किल्ली सांभाळतात. त्यांना आदल्या दिवशी फोन केला होता.

"लवकर उरका, बाई," कुलूप काढताना त्या म्हणाल्या. "म्या आत येत न्हाई."

आत वटवाघळांचा उग्र वास होता. लोखंडी कपाटातली बाप्तिस्म्याची वही काढून खिडकीपाशी बसले. पानं एकमेकांना चिकटली होती. एकेक सोडवत होते, तेवढ्यात डोक्यावर ठोका पडला.

मनोऱ्यात घंटा नव्हती. येताना मी वर पाहिलं होतं, नुसतं आभाळ दिसत होतं.

दुसरा पडला. तिसरा... दारात रंगुबाई डोक्यावर पदर घेऊन उभ्या राहिल्या.

"कुनाचं गेलं वं?" त्या हलक्या आवाजात म्हणाल्या.

मी मोजत होते. वीस... तीस... ठोके सावकाश पडत होते, दोघांच्या मध्ये श्वास कोंडावा इतके सावकाश. सत्तेचाळीस. माझं वय. अठ्ठेचाळिसावा पडला तेव्हा सुटल्यासारखं वाटलं आणि लगेच स्वतःची लाज वाटली, कारण मग उरली आईच. साठ... सत्तर... अठ्ठ्याहत्तर.

ठोके थांबले.

मी वाट पाहिली. पुढचा पडला नाही. एक्क्याऐंशी झाले नव्हते. आई नाही! मला रडूच आलं.

डोळे पुसून पुढचं पान सोडवलं. जुन्या पाळकांच्या गोलसर अक्षरात आईचं नाव लिहिलं होतं: पुष्पावती, जन्म ३ मार्च १९४७. मी हिशेब केला. मग बोटांवर पुन्हा केला.

अठ्ठ्याहत्तर.

भावजयीला फोन लावला. मोनिका अगदी शांत होती. "आत्ताच झोपल्यात, ताई. मघाशी कान देऊन काहीतरी ऐकत होत्या. मग हसल्या, म्हणाल्या, ज्योतीला सांग, ठोके बरोबर हायेत."

"उठव तिला... मोनिका, आईला उठव."

तिच्या चपलांचा आवाज लांब गेला. "आई... आई, ऐकता का..." मग तिची किंकाळी.

सोमवारी माती दिली. भावाने घंटा वाजवली, मी शेजारी उभी राहून ठोके मोजले. आईच्या मनासारखे बरोबर अठ्ठ्याहत्तर. त्याने दोर खुंटीला अडकवला, पाळकांनी प्रार्थना केली, लोक पांगले. माझ्या मनावरचं एक ओझं उतरलं होतं.

तेवढ्यात फोन वाजला. रंगुबाई.

"बाई, हितं पुन्ना सुरू झालीया," त्या कुजबुजल्या. त्यांच्यामागे मला ऐकू येत होतं, सावकाश, एकेक. "म्या पयल्यापास्नं मोजतीया. दोन विसा झाल्या... वर पाच... सहा..."

माझी नजर खुंटीवरच्या दोराकडे गेली; तो हलत नव्हता.

"तुमचं वय काय वं, बाई?"