मालकी बदलू का?

सांगलीच्या मेंदू-पुनर्रचना प्रयोगशाळेत पडद्यावर तांबडी ओळ उमटली आणि अपग्रेड मध्येच थांबलं. ‘ही फाइल आधीच दुसऱ्या संचाच्या मालकीची आहे. मालकी बदलू का?’

“बदल की बाबा! दर वेळी काय विचारतोस?” ओजस पाटणकर पडद्यावरच खेकसले. गृहस्थ निवृत्त संगणक अभियंता, आयुष्यभर असल्या प्रश्नांना ‘हो’ म्हणत पुढे गेलेले. काचेपलीकडे त्यांची बायको मुक्ता डोळे मिटून पडली होती. पक्षाघातानंतर तिच्या मेंदूत कृत्रिम पेशींचं जाळं बसवलं होतं आणि दर अपग्रेडला ती थोडी थोडी परत येत होती. आधी चालणं आलं, मग मुलांची नावं, मग पुरणपोळीसुद्धा.

डॉ. शाहीन मुजावरांनी त्यांचा हात धरला. “थांबा हो जरा. मुक्ताताईंचं स्वतःचं जे उरलंय, ते ‘मूळ’ या संचात आहे. आपण बसवतो ते नवे संच. एका फाइलला मालक एकच. दोघांनी हक्क सांगितला, तर एकाचा जाणारच.”

“मला शिकवताय होय? बिघडलेली जाईल, चांगली राहील. कोणती फाइल आहे?”

“तुमच्याशी भांडण.”

पाटणकरांना हसू आलं, आणि लगेच गलबललं. हल्ली मुक्ता भांडायची म्हणजे ताटली भिरकवायची, निम्मे शब्द गिळायची आणि मग स्वतःच रडायची. त्यांना ते बघवत नव्हतं.

“तिनं मला पूर्वीसारखं शब्दांनी झोडपावं, एवढंच मागतोय. नव्या संचात शब्द आहेत ना सगळे?”

“आहेत, पण ‘मूळ’मध्ये आता…”

“पण नाही न् बिण नाही!” त्यांनी ‘हो’ दाबलं.

अपग्रेड पूर्ण झालं. खाली आणखी एक ओळ आली. ‘मूळ’ संचाकडे एकही फाइल उरलेली नाही. नियमानुसार संच नाहीसा झाला आहे.

पाटणकरांनी ती ओळ पुन्हा वाचली. नियम त्यांना पाठ होता. ज्याच्या मालकीचं काहीच उरत नाही, तो संच काढावाही लागत नाही, तो नसतोच. ‘हो’ त्यांनी एकेक करून म्हटलं होतं. बेरीज कधी केली नव्हती.

“उलटं फिरवा! तिचं तिला परत द्या!”

“फाइली सगळ्या शाबूत आहेत हो,” डॉक्टरांनी पडद्यावर बोट ठेवलं. “पण परत देऊ कुणाला?”

दार उघडून मुक्ता बाहेर आली. पाटणकरांचा रडवेला चेहरा तिनं दोन्ही हातांत धरला. हात उबदार होते.

“शोभतं का रे, डॉक्टरांसमोर असं गळा काढणं? वेडा कुठला!” ती अगदी मुक्तासारखी फणकारली. मग मायेनं त्यांचे डोळे पुसत म्हणाली, “तिला तू फार आवडायचास, ओजस. ते सगळं आता माझ्याकडे आहे.”