पूर्वेच्या सज्जातली माणसं

"हे धरा, आणि ढवळणं थांबवू नका," असं म्हणत ओडीलनं त्या अनोळखी माणसाच्या हातात लाकडी पळी दिली, तेव्हा त्याला फक्त स्टेडियमचं दक्षिण गेट कुठं आहे, एवढंच विचारायचं होतं.

स्टेडियमसमोरच्या ओकच्या राईत, जिथं सामन्याआधी गाव शेगड्या मांडायचं, पाऊस तिरका येत होता. वाऱ्यानं ताडपत्रीचं एक टोक सुटून फडफडत होतं, आणि शेगडीवरच्या काळ्या कढईत तेलात पीठ भाजायला पडलं होतं. गंबो म्हणजे इकडचा दाट, तिखट रस्सा, आणि त्याचं पीठ फार मानी असतं. क्षणभर दुर्लक्ष झालं की करपतं, मग सगळं फेकून पहिल्यापासून सुरुवात. ओडील धावली, दोरी पकडली, ओकच्या फांदीला दोन वेढे देऊन घट्ट गाठ मारली. केसांतलं पाणी झटकत परत आली, तर तो अजून तिथंच होता. मन लावून ढवळत होता. छत्री त्यानं कढईवर धरली होती, आणि छत्रीचं सगळं पाणी त्याच्या स्वतःच्या कॉलरमध्ये चाललं होतं.

"रंग कसा हवाय?" त्यानं विचारलं.

"कशाचा?"

"पिठाचा. कुठं थांबायचं ते कळायला हवं ना."

ओडीलनं पहिल्यांदा त्याच्याकडे नीट पाहिलं. इस्त्रीचा पांढरा शर्ट, तोही अमेरिकन फुटबॉलच्या सामन्याच्या दिवशी. सेंट ओमेर गाव त्या दिवशी नखशिखांत निळं असायचं... गालांवर संघाचं चिन्ह असलेले निळे बगळे, कुत्र्यांच्या गळ्यात निळे रुमाल, नव्वदीच्या म्हाताऱ्यांच्या टोप्या निळ्या. आणि हा असा, धुतल्या तांदळासारखा.

"जुन्या तांब्याच्या सेंटसारखा, लालसर तपकिरी," ती म्हणाली. "तुम्ही इकडचे नाही."

"मिनेसोटाचा. नेल्स लिंडक्विस्ट."

"ओडील फॉन्टेनो. मिनेसोटात तिखट म्हणून काय खातात?"

तो जरा विचार करून म्हणाला, "मीठ."

ती हसली. खरं तर हसायचं नव्हतं तिला — अनोळखी माणसासमोर इतक्या लवकर तर नाहीच. पण हसू आलं.

तिचे वडील, आल्सीद फॉन्टेनो, खुर्चीतून हे सगळं पाहत होते. जहाजांचे बॉयलर जोडण्यात आयुष्य घालवलेला माणूस. हात अजूनही पक्कडीसारखे. "पोरा," ते म्हणाले, "ज्यानं ढवळलं त्यानं खाऊन जायचं. इथला नियम आहे."

नेल्सनं खाल्लं. डोळ्यांत पाणी आलं, नाक लाल झालं, पण वाटी खाली ठेवली नाही.

"पाऊस फार आहे," डोळे पुसत तो म्हणाला.

"हो ना," ओडील म्हणाली. "फक्त तुमच्याच चेहऱ्यावर पडतोय."

तो पुढच्या सामन्याला आला. त्याच्या पुढच्याही. प्रत्येक वेळी दक्षिण गेटची वाट त्याला ओकच्या झाडांखालूनच सापडायची. शर्ट मात्र निळा झाला होता. विद्यापीठात काम करतो, आकडेमोडीचं, एवढंच त्यानं सांगितलं होतं. ओडील शाळेत वाद्यवृंद शिकवते, स्वतः ट्रम्पेट वाजवते, हे त्याला ठाऊक झालं होतं. पळी घेता-देता बोटं लागायची... मग दोघंही कढईकडे फार लक्षपूर्वक पाहायची.

एक गोष्ट मात्र त्याला कळत नव्हती. सामना सुरू व्हायची वेळ झाली की तो आत जायचा, आणि फॉन्टेनो बापलेक तिथंच बसायचे. बर्फाच्या पेटीवर रेडिओ ठेवून.

"तुम्ही आत का येत नाही?" त्या तिसऱ्या वेळी त्यानं विचारलंच.

आल्सीद उठून लाकडं सारखी करायला गेले.

"पूर्वेच्या सज्जात, वरून दुसऱ्या रांगेत आमच्या तीन जागा होत्या," ओडील म्हणाली. "डॅडींची, मम्माची, माझी. मी चालायला शिकले ती त्या पायऱ्यांवर. मम्मा गेली त्या वर्षीसुद्धा तिची जागा आम्ही सोडली नाही. आणि या वर्षी पत्र आलं. हंगामाचं तिकीट दुप्पट, वर सक्तीची देणगी. देणगी दिली तर जागा आपली, नाहीतर दुसऱ्याची." तिनं झाकण जरा जोरात ठेवलं. "सक्तीची असते ती देणगी कसली? हे झाडांखालचे अर्धे लोक आमचेच शेजारी, त्याच सज्जातले. ज्यानं कुणी तो भाव काढला ना, त्यानं एकदा तरी..."

"मी काढला," नेल्स म्हणाला.

ओडील कढईवरून वळली.

"काय?"

"तो भाव. विद्यापीठाच्या तिकीट कचेरीत मी त्याच कामासाठी आलोय. मागणी किती, लोक किती देतील, याचा हिशेब मी मांडला. तो बरोबर होता — म्हणजे, मला तसं वाटलं होतं. उन्हाळ्यात आलो, तेव्हा मी इथला एकही सामना पाहिला नव्हता."

त्याला खोटं बोलता आलं असतं, गप्प राहता आलं असतं. हे ओडीलला नंतर सुचलं. त्या क्षणी तिला फक्त कानशिलं तापल्याचं जाणवलं.

"वाटी संपवा," ती म्हणाली. "आणि जा."

पुढच्या सामन्याला तो आला तो शेगडीपासून चार हात लांब उभा राहिला. खिशातून पाकीट काढून त्यानं आल्सीदसमोर धरलं. "सर, तीन तिकिटं आहेत. तुमच्याच जागांची. ज्यांनी घेतल्यात ते येणार नव्हते."

आल्सीदनी पाकिटाकडे पाहिलंसुद्धा नाही. "पोरा, तू भला आहेस. पण मी त्या पायऱ्या कधी फुकटात चढलो नाही. ती तिकिटं परत ठेव, आणि भूक असेल तर बस."

ओडीलनं वडिलांकडे पाहिलं आणि तिची मान आपोआप ताठ झाली. मग ती नेल्सकडे वळली. "तुम्हीच बसा तिथं. सबंध सामना, वरच्या रांगेत. डोळे मिटून ऐका, आणि मग सांगा तुमचा हिशेब बरोबर आहे का ते."

"बसतो," तो म्हणाला.

आणि खरंच बसला. सामना संपल्यावर गर्दी पांगली तरी ओडील भांडी घासत रेंगाळली... उगाचच, असं तिनं स्वतःला सांगितलं. तो आला, तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता.

"तिकिटं सगळी विकली गेलीत," तो म्हणाला. "आणि माझ्या रांगेत मी एकटा. लोकांनी घेतलीत ती पुढं चढ्या भावानं विकायला. कुणी आलं तर फोटो काढून, मध्यंतरात निघून गेलं. तिथं... तिथं आवाजच नाही, मिस ओडील."

"तिथं डॅडी ओरडायचे ना," ती म्हणाली, "तेव्हा खाली मैदानातली पोरं मान वर करून बघायची."

"मी कचेरीत बोलणार आहे."

"ऐकतील?"

"नाही ऐकणार. पण मी बोलणार आहे."

तिनं एक धुतलेली वाटी पुसली, त्यात गंबो वाढला आणि वाटी त्याच्या हातात दिली.  या वेळी वरून घालायचं तिखट तिनं मुद्दाम कमी घातलं होतं.

नोव्हेंबरात हार्लन टेक या दुसऱ्या विद्यापीठाचा संघ आला. आपल्या बगळ्यांना त्यांनी गेली कित्येक वर्षं हरवलं होतं, आणि त्या दुपारी, सामना संपत आलेला असताना, बगळे थोडक्यात पुढं होते. झाडांखाली जेवणं थांबली होती. सगळे रेडिओभोवती.

"हार्लन टेक चेंडू घेऊन आता दक्षिण टोकाला," निवेदक सांगत होता. "गोलरेषेपर्यंत शेवटचे काही यार्ड उरलेत... आणि प्रेक्षक शांत आहेत हो, फार शांत. पूर्वेचा वरचा सज्जा तर अर्धा रिकामा दिसतोय."

आल्सीदची मूठ आवळली. दक्षिणेची बाजू म्हणजे स्टेडियमची उघडी बाजू, आणि तिच्या समोरच ही ओकची राई. मधे फक्त एक रस्ता आणि कुंपण.

ओडील कुणाला विचारत बसली नाही. पिकअपच्या मागच्या फळीवर चढली, ट्रम्पेट ओठांना लावला आणि बगळ्यांची हाक वाजवली. तीन सूर, शेवटचा लांबवर ताणलेला. गावातलं पाळण्यातलं पोरही ती हाक ओळखतं. तिनं पुन्हा वाजवली. मग आल्सीद उठले, छाती भरून श्वास घेतला, आणि ओरडले. कितीतरी महिन्यांनी. त्यांच्यामागून शेजारी, शेजाऱ्यांचे शेजारी... पळ्या कढयांवर पडू लागल्या, गाड्यांचे भोंगे वाजले, सगळी राई एका घशानं ओरडू लागली. पूर्वेचा सबंध सज्जा जणू झाडांखाली उभा होता.

"हा आवाज कुठून येतोय?" निवेदक म्हणाला. "बाहेरून? अहो, बाहेरून येतोय हा आवाज... हार्लनच्या खेळाडूंना स्वतःच्या कप्तानाची हाक ऐकू येत नाहीये — आणि चेंडू सुटायच्या आधीच एक जण हलला! दंड, पाच यार्ड मागं!"

ते पुन्हा मांडणीला उभे राहिले, आणि पुन्हा कुणीतरी घाईनं हलला. शेवटी चेंडू हवेत फेकला गेला, तो कुणाच्याच हाती लागला नाही. बगळे जिंकले.

ओडील खाली उतरली. आल्सीदनी तिच्यासमोर रुमाल धरला. "ओठ सुजलाय तुझा," ते म्हणाले, आणि मग शेजाऱ्यांकडे वळून, जणू त्यांना माहीतच नव्हतं अशा थाटात, "पोरगी आहे माझी ती."

थोड्याच वेळात नेल्स रस्ता ओलांडून धावत आला. टाय खांद्यावर, श्वास फुललेला.

"वर काचेच्या खोलीत सगळे साहेब होते," तो म्हणाला. "मोठ्या साहेबांनी विचारलं, कोण ओरडतंय हे?"

"मग?"

"मी म्हटलं, ज्यांना आपण बाहेर काढलं, ते."

ओडील पुढं झाली. मग तिनं त्याचा टाय खांद्यावरून काढून सरळ केला. गरजेपेक्षा जरा जास्तच वेळ लावून.

"तू," ती म्हणाली — 'तुम्ही' कुठं गळून पडलं तिला कळलंच नाही — "आज पोटभर जेवून जायचंस."

हिवाळाभर त्यानं कचेरीत तोच विषय लावून धरला. रिकाम्या रांगांचे फोटो काढून दाखवले, सामन्याची ध्वनिफीत ऐकवली, स्वतःचाच हिशेब स्वतः खोडला. संध्याकाळी ओडीलच्या शाळेत जाऊन शेवटच्या बाकावर बसायचा आणि पोरांचे बेसूर ट्रम्पेट निमूट ऐकायचा. मार्चमध्ये झिंगे उकडायच्या दिवशी आल्सीदनी त्याला झिंगा सोलायला शिकवलं. सगळ्या गावानं त्याची फजिती पाहिली, आणि त्यानंही हसत हसत पाहू दिली. वसंत सरता सरता विद्यापीठानं जाहीर केलं, पूर्वेचा वरचा सज्जा जुन्या भावानं, जुन्याच माणसांना. देणगीची अट नाही.

ऑगस्टच्या अखेरीस नेल्सला शिकागोहून नोकरीचं बोलावणं आलं. मोठं पद, दुप्पट पगार. ओडीलला त्यानं ते लगेच सांगितलं. "मोठी गोष्ट आहे," ती म्हणाली. "तू जा. मी काही तुला दोरीनं बांधून ठेवणार नाही." मग घरी येऊन तिनं रात्रीचं जेवण टाळलं, आणि आल्सीदनी तिची वाटी झाकून ठेवली.

सप्टेंबरचा पहिला सामना. ऊन असं की सज्जाचे लोखंडी कठडे चटका देत होते. आल्सीद पायऱ्या चढले ते एकेका पायरीवर थांबत, ओळखीच्यांशी हस्तांदोलन करत, पाहुण्यांचं स्वागत करणाऱ्या यजमानासारखे. तिकिटं त्यांच्या खिशात होती, स्वतःच्या पैशांनी घेतलेली. ओडील त्यांच्या शेजारी बसली. मागच्या रांगेत कुणीतरी येऊन बसलं, तिनं वळून पाहिलं नाही.

प्रतिस्पर्ध्यांकडे चेंडू होता आणि सज्जा गर्जत होता. पायाखालची फरशी हलत होती. आल्सीदचा चेहरा लालबुंद, डोळे ओले.

"ओडील," मागून कुणीतरी तिच्या कानाशी वाकलं. नेल्स होता. निळा शर्ट, हातात स्वतःचं तिकीट. "मी शिकागोला नाही म्हणून कळवलं."

"काय?"

"शिकागो! नाही म्हटलं!"

"ऐकू येत नाहीये..."

खाली मैदानात एक झडप पडली, चेंडू निसटला, आणि एका बगळ्यानं तो पोटाशी धरला. आता चेंडू आपला. आणि आपल्या पोरांना एकमेकांची हाक ऐकू जावी म्हणून अशा वेळी सेंट ओमेरमध्ये श्वाससुद्धा हळू घेतात. सगळं स्टेडियम एका क्षणात देवळासारखं गप्प झालं. फक्त नेल्सला ते कळायला उशीर झाला.

"कारण माझं तुझ्यावर प्रेम आहे, ओडील फॉन्टेनो!"

ते पूर्वेच्या सज्जाच्या पहिल्या रांगेपासून शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेलं. माना वळल्या. कुणाच्या तरी हातातलं सरबत सांडलं. नेल्सचा चेहरा मिनेसोटाच्या बर्फासारखा पांढरा, मग एकदम लाल.

ओडील वळली. आधी त्याच्या हातातलं तिकीट पाहिलं, मग त्याचा चेहरा.

"पोरी," आल्सीद मैदानावरची नजर न काढता म्हणाले, "काय ते लवकर सांग. लोक खोळंबलेत."

"माझंही आहे," ओडील म्हणाली. अगदी हळू. पण त्या शांततेत तेही सगळ्यांना ऐकू गेलं.

मग असं झालं की आपल्याकडे चेंडू असताना पूर्वेचा सज्जा ओरडला. अशी चूक त्या सज्जानं कधी केली नव्हती. आल्सीद फॉन्टेनो दोन्ही हात वर करून उभे राहिले, लोकांना गप्प करायला. पण त्यांच्या तोंडून निघाली ती आरोळीच, आणि खाली मैदानातली पोरं मान वर करून बघू लागली.