गार पेट्रोल

मी डब्यातलं पाणी जमिनीवर ओतत होते आणि तो माणूस माझ्याकडे असा पाहत होता, जणू मी दूधच ओतून देतेय.

"ते का फेकताय?" त्याने विचारलं.

खांद्यावर गोणपाट, गोणपाटावर बर्फाची लादी. शर्यतीच्या मैदानावरच्या थंड पेयांच्या टपऱ्यांना दर रविवारी बर्फ पोचवणारा हा माणूस. त्याचे डोळे छान होते, पण ते माझ्या लक्षात नंतर आलं. आधी आला तो राग.

"बर्फ गार असतो, वितळला की त्याचं पाणी कोमट होतं," मी म्हटलं, लहान मुलाला समजवावं तसं.

"असं होय…" तो म्हणाला आणि चालू लागला. चार पावलांवर पुन्हा थांबला. "पण बर्फाला कोपरे असतात हो. तो नळीला कुठेकुठे टेकणार, मधे नुसती हवा. पाणी कसं, नळीला सगळीकडून बिलगतं –" बिलगतं म्हणताना तो स्वतःच लाजला आणि घाईघाईने निघून गेला.

आमची गाडी सरळ रेषेत पाव मैल धावते. शेजारी दुसरी गाडी, समोर दिवे, हिरवा लागला की सुटायचं. बारा-तेरा सेकंदांत सगळं आटपतं. इंजिन बाबांनी नऊ वर्षं खपून स्वतःच्या हातांनी उभं केलं होतं. सकाळी ते वाघासारखं पळायचं. दुपारी मात्र उन्हात रांगेत थांबून पेट्रोल इतकं तापायचं, की नळीतच त्याची वाफ व्हायची आणि ऐन सुटताना इंजिन उपाशी राहायचं. म्हणून बाबांनी एक डबा बसवला. आत तांब्याच्या नळीची वेटोळी, नळीतून पेट्रोल, भोवती बर्फ. त्या डब्यातलं पाणी काढून नवा बर्फ भरण्याचं काम माझं, आणि ते मी भलतंच इमानदारीने करायचे.

या मोसमात एक गोष्ट बाबांनी स्पष्ट सांगून टाकली होती. शेवटच्या रविवारपर्यंत दुपारच्या फेरीत गाडी बारा सेकंदांच्या आत आली नाही, तर इंजिन उतरवायचं. मी ताईच्या शहरात जायचं. तिने तिच्या ऑफिसात माझ्यासाठी एक खुर्ची बघून ठेवली होती. "माझी कंबर आता बॉनेटमधे वाकत नाही गं," एवढंच बाबा म्हणाले. त्यांच्यावर चिडताही येईना.

पुढच्या रविवारी मी गुपचूप डब्यात पाणी राहू दिलं. नळीवर दव साचलं. मी मनातल्या मनात खूश. हिरवा दिवा लागला, मी पाय दाबला – आणि गाडीने काळा धूर ओकला, खोकली आणि रडतखडत पलीकडे पोचली. मी तशीच तरातरा टपऱ्यांपाशी गेले आणि चारचौघांत त्याला फाडफाड बोलले. मला मैदानावर 'तिखट' म्हणतात, ते उगाच नाही. त्याने सगळं ऐकून घेतलं.

"चुकलं माझं," तो म्हणाला.

मी परत आले, तर बाबा काजळीने माखलेला प्लग हातात धरून हसत होते. गार पेट्रोल दाट असतं, ते म्हणाले. कार्बोरेटरमधे पितळेची इवलीशी जेट असते, तिच्या भोकातून पेट्रोल मोजून जातं. भोक तेवढंच ठेवून दाट पेट्रोल सोडलं, की इंजिनाला अजीर्ण होणारच. "त्या मुलाने बरोबर सांगितलं होतं," बाबा म्हणाले, "लहान जेट बसवायची कोणी?"

जेट बसवणं माझंच काम होतं.

सोमवारी मी बर्फाच्या कारखान्यात गेले. लांबलचक दालन, जमिनीत मिठाच्या पाण्याच्या टाक्या, त्यांवर लाकडी झाकणं. भरदुपारी तो आत स्वेटर घालून उभा. माफीची चांगली चार वाक्यं मी वाटेत पाठ केली होती. प्रत्यक्षात तोंडातून निघालं, "जेट बदलायला हवी होती."

"म्हणजे… माफी का ही?"

"तसंच काहीतरी."

"मग चालेल," तो म्हणाला आणि असा काही हसला, की त्या गारठ्यात माझे कान तापले.

त्याने मला बर्फ किती बारीक फोडायचा ते शिकवलं, पाण्यात मूठभर मीठ टाकलं की ते आणखी गार होतं हेही दाखवलं. मी त्याला जेटचं भोक उजेडात धरून दाखवलं. ते बघायला आम्हा दोघांची डोकी जरा जास्तच जवळ आली. मग मी बुधवारीही जाऊ लागले, बर्फ आणायला. बुधवारचा बर्फ रविवारपर्यंत टिकतो कसा, हे त्याने कधी विचारलं नाही. बाबांनी विचारलं. मी म्हटलं, प्रयोग चाललाय. "चालू दे," बाबा म्हणाले आणि वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

बारा-तीन. बारा-पाच. बारा सेकंदांच्या उंबरठ्यावर गाडी चार महिने रेंगाळली, आणि शेवटचा रविवार उजाडला.

दुपारच्या फेरीसाठी मी रांगेत होते, पट्टे बांधलेले, पुढे दोनच गाड्या. तेवढ्यात कोणाच्या तरी गाडीने धावपट्टीभर तेल सांडलं. ते पुसेपर्यंत सगळे थांबले. रांगेत शिरलं की चालकाने गाडी सोडायची नाही, असा नियम. बाबा बॉनेटवर छत्री धरून उभे. अर्धा तास गेला. त्यांनी डब्यात बोट घातलं आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "कोमट."

आमचा बर्फ संपला होता. त्याचा टेम्पोही सकाळीच रिकामा झाला होता. मी काचेतून त्याला बघितलं. तो वळला आणि टपऱ्यांकडे पळत सुटला. स्वतःच विकलेला बर्फ तो टपरीटपरीवर परत मागत होता. एकाने हाकलला, एकाने शिव्या घातल्या, तिघांनी दिला. बादली घेऊन तो रांगेच्या कडेने धावत आला तेव्हा पुढची गाडी निघालीच होती. हातमोजे कुठेतरी राहिले होते. उघड्या बोटांनी त्याने वेटोळ्यांच्या फटीफटीत बर्फ ठासला, मीठ टाकलं, पाणी ओतलं, झाकण लावलं. मग काचेपाशी वाकून म्हणाला, "जा आता."

हिरवा दिवा. गाडी खोकली नाही, अडली नाही. पलीकडे फलकावर आकडा लागला – अकरा पूर्णांक चौऱ्याण्णव. मी हेल्मेटच्या आत ढसाढसा रडले. बरं झालं, कोणाला दिसलं नाही.

परत आले तेव्हा बाबा त्याला मिठीत घेऊन उभे होते. नुसते त्याची पाठ थोपटत होते. इंजिन उतरणार नव्हतं. मी कुठेही जाणार नव्हते. बाबांनी आम्हा दोघांकडे एकदा पाहिलं आणि छत्री ठेवायला म्हणून बरेच लांब निघून गेले.

"तुम्ही नसतात तर –" मी सुरुवात केली.

"नका," तो म्हणाला. "उपकार वाटतात म्हणून काही बोलू नका. ते चार दिवसांत ओसरतं. मग तुम्हालाही अवघड, आणि मला तर…"

"उपकार आहेतच. जन्मभर राहतील, मला त्याची लाज नाही," मी म्हटलं. "पण उपकारांसाठी कोणी बुधवारी बर्फ आणत नाही. घरी नेईपर्यंत अर्धा वितळायचा, उरलेला मी झाडांना घालायचे. मला तुम्ही आवडता… फार आवडता."

तो हातांकडे बघत राहिला. बोटं लालभडक झाली होती, मिठाने सुरकुतली होती, मिटत नव्हती. मी ती माझ्या दोन्ही तळव्यांत घेतली.

"कळतंय?" मी विचारलं.

"नाही. बधिर झालीत."

मी चोळत राहिले. फुंकर घातली. शेजारून गाड्या ढकलत नेणारे लोक बघत होते, बघू देत.

"आता?"

"नाही."

बऱ्याच वेळाने माझेच हात दुखायला लागले. "अजूनही नाही?"

"मघाशीच कळायला लागलं होतं," तो म्हणाला. "सांगितलं असतं तर तू हात सोडले असतेस."