झाकणाखालच्या रेघा

खड्डा बुजवायला दोन दिवस उरले होते आणि शेपटाला त्यात पोहायचं होतं.

"एवीतेवी बुजवणारच आहेत, तर आधी पोहून घेऊ की," तो म्हणाला.

शेपूट आठ वर्षांचा. दादा जाईल तिथे मागे मागे जायचा, म्हणून हे नाव. दादा चौदाचा, आणि त्याला जगातलं सगळं कळायचं, निदान त्याचं स्वतःचं तरी तसं मत होतं. तिसरी खापरी. ती बारा वर्षांची, या दोघांची मामेबहीण. सुट्टी लागली की पिशवी उचलून ती आत्याकडे येऊन थडकायची. खापरी हे नाव आजोबांनी ठेवलं होतं. चाळीस वर्षं हातात थापी घेऊन ते जमिनीतून फुटक्या मडक्यांचे तुकडे काढत आले होते. नात झाली तेव्हा म्हणाले, चला, आता घरातही एक खापरी आली.

हिवाळ्यात आजोबा गेले. त्यांच्या चपला अजून आत्याच्या दाराबाहेर होत्या. झाडताना आत्या त्या उचलायची, खालचं झाडायची आणि परत होत्या तशाच ठेवायची.

पोहण्याचं कुणी मनावर घेतलं नाही. खापरी खड्ड्याच्या काठावर बसून खालचं पाणी बघत होती. तिला रडू येत होतं, आणि दादासमोर रडायचं नव्हतं.

खड्डा म्हणजे साधासुधा खड्डा नव्हे बरं का. तीन माणसं एकावर एक उभी राहिली तरी वर डोकं निघणार नाही इतका खोल, आणि तळाशी हजारो वर्षांपूर्वीचं अख्खं गाव. घरांच्या भिंती, गल्ल्या आणि गल्लीगल्लीतून पक्क्या विटांचं गटार. गटारात जागोजागी गाळ साठायला छोट्या हौद्या, हौदीवर दगडी झाकण. ते झाकण उलटं केलं की खाली ओरखडे दिसायचे, एकाशेजारी एक. हौदी साफ केली की एक रेघ ओढायची, ही त्या लोकांची रीत होती.

आजोबा सांगायचे, हे गाव मोठं झालं ते राजामुळे नाही, या रेघांमुळे. ज्याच्या दारात हौदी त्याने ती उपसायची. मग रोगराई नाही, घरं कोरडी, माल टिकतो, लांबून माणसं येतात, गाव वाढतं. आणि मग एका थरात रेघा थांबतात. जळलेलं काही नाही, तलवार नाही, हाडांचा ढीग नाही. नुसता गाळ. कुणीतरी हौदीवर ओटा बांधलेला, कुणीतरी गोठा.

"शत्रू आला असता तर बरं झालं असतं गं," ते म्हणायचे. "निदान कुणाला तरी शिव्या देता आल्या असत्या. इथे प्रत्येकजण म्हणाला, दुसरा करेल. संपलं गाव."

पण मरण्याआधी थोडेच दिवस आजोबांना आणखी एक झाकण दिसलं होतं. गाळाच्या थराच्या वर, खड्ड्याच्या भिंतीत अर्धं रुतलेलं. ओबडधोबड, लहान. त्याखाली बोटं घालून त्यांनी चाचपलं आणि सात रेघा मोजल्या. म्हणजे गाव बुडाल्यावर कुणीतरी परत आलं होतं, गरिबीत का होईना राहिलं होतं आणि पुन्हा साफ करायला लागलं होतं. आजोबांनी त्याच दिवशी खापरीला फोन केला. म्हणाले, सुट्टीत ये, आपण दोघं मिळून काढू. आयुष्यात पहिल्यांदा चांगली बातमी सापडली आहे.

ते झाकण अजून भिंतीतच होतं, आणि नेमकं त्याच कोपऱ्यातून दोन महिन्यांपासून पाणी झिरपत होतं. भिंत भिजून ढासळायला आली होती. खोदकामाचे साहेब म्हणाले, जमिनीतलं पाणी वर आलंय, त्याला इलाज नाही, माती टाकून बुजवून टाकू. सात रेघा त्यांनी पाहिल्या नव्हत्या. साहेब माणूस म्हणून वाईट नव्हते, पण त्यांचे बूट कायम चकचकीत असत, आणि खड्ड्यावर काम करणाऱ्याचे बूट चकचकीत असले की काय समजायचं ते मुकादमाला विचारा.

"हे पाणी दुपारीच वाढतं," खापरी अचानक म्हणाली. "सकाळी ती वीट दिसत होती. काल पण हेच झालं."

दादा म्हणाला, ऊन पडतं म्हणून. मग त्याच्याच लक्षात आलं की उन्हाने पाणी आटतं, वाढत नाही, आणि तो घसा खाकरून पाण्याकडे बघू लागला. तेवढ्यात शेपूट शिडीवरून खाली उतरून ओंजळ भरून आला. ओंजळीत फेस होता.

"साबण," तो वास घेत म्हणाला. "जमिनीखाली कोण कपडे धुतं?"

वरच्या रस्त्याला एकच जागा होती जिथे एवढा साबण लागायचा, ती म्हणजे लॉन्ड्री. तिघं धावतच तिथे गेले. लॉन्ड्रीवाले काका रोज दीडला मोठी टाकी सोडतात हे त्यांनी बोलता बोलता काढून घेतलं. दुसऱ्या दिवशी टाकी सुटताना दादाने काकांची खूप मनधरणी करून पांढऱ्या कपड्यांच्या निळीची अख्खी बाटली तिच्यात ओतवली. काका म्हणाले, शाळेचा प्रयोग असेल तर ठीक, नाहीतर तुझ्या आईला सांगेन. खापरी खड्ड्यापाशी घड्याळ घेऊन बसली होती. दोन वाजून पाच मिनिटांनी कोपऱ्यातली माती निळी झाली.

म्हणजे गटार फुटलं होतं. पण कुठे? लॉन्ड्रीपासून खड्ड्यापर्यंत रस्त्याकडेने दर वीस पावलांवर गटाराच्या चेंबरचं झाकण होतं. तिघं पावलं मोजत निघाले. शेपूट प्रत्येक झाकणावर आडवा पडून कान लावायचा. पहिल्याखाली पाणी डुचमळत होतं, दुसऱ्याखाली, तिसऱ्याखालीही. पाचव्याखाली ठणठणाट, एक थेंब नाही.

"चौथं कुठाय?" दादा म्हणाला.

तिसऱ्यापासून वीस पावलांवर झाकण नव्हतं. तिथे खोली होती, खड्ड्याच्या अगदी लगत. खापऱ्यांची खोली.

ही खोली आजोबांची. वर्षानुवर्षं खापऱ्यांच्या टोपल्या उघड्यावर भिजायच्या, म्हणून आजोबांनी खोलीसाठी अर्ज करकरून साहेबांना भंडावून सोडलं होतं. शेवटी दोन वर्षांपूर्वी मंजुरी आली आणि त्यांनी स्वतः उभं राहून ती बांधून घेतली. उद्या सकाळी तिच्यावर त्यांच्या नावाची पाटी लागायची होती. पाटी रंगवून तयार होती, आत्याच्या स्वयंपाकघरात भिंतीला टेकून.

आत्याकडच्या खिळ्यावरची किल्ली त्यांनी काढली. आत टोपल्यांवर टोपल्या. एकेक टोपली चिठ्ठीसकट, क्रम न मोडता त्यांनी बाहेर मांडली, कारण क्रम मोडला तर आजोबा वरूनही ओरडतील हे तिघांना ठाऊक होतं. मग फळ्यांच्या मांडणीखाली शेपूट पालथा सरपटत गेला.

"कडी आहे," आतून आवाज आला. "जमिनीत लोखंडी कडी आहे. आणि सिमेंटमध्ये बोटाने काहीतरी लिहिलंय."

खापरीने वाकून पाहिलं. अक्षर ओळखायला वेळ लागला नाही. *दरसाल उघडणे.*

ती तिथेच जमिनीवर बसली. आजोबांना माहीत होतं. खाली चेंबर आहे हे माहीत असून त्यांनी वर खोली बांधली होती. जागा सपाट होती, हाताशी होती, आणि उघडायला कडी ठेवली की झालं, असं वाटलं असेल. मग कडीवर टोपल्या आल्या, टोपल्यांवर मांडणी, मांडणीवर आणखी टोपल्या. चाळीस वर्षं ज्या ओट्यांना आणि गोठ्यांना ते हसत आले, त्यातलाच एक त्यांनी स्वतः बांधला होता.

दादाने तिच्या खांद्यावर हात ठेवला. तो एरवी असं काही करत नसे. "हे बघ," तो हळूच म्हणाला, "पाणी गटाराचं आहे एवढंच सांगू. कडीचं नको. आजोबांचं नाव खराब होईल. लोक म्हणतील, जन्मभर दुसऱ्यांना सांगितलं आणि..."

"मग चौथं झाकण कुठे म्हणून विचारतील," खापरी म्हणाली. तिला आणखीही काहीतरी आठवलं होतं, आणि ते दादाला माहीत नव्हतं.

सकाळी खोलीपुढे चार खुर्च्या मांडल्या होत्या. काठावर मातीचा ट्रक येऊन उभा होता. साहेबांनी आजोबांबद्दल चार चांगले शब्द बोलून पाटीकडे हात नेला, तेवढ्यात खापरी पुढे झाली. निळ्या मातीचा गोळा तिने त्यांच्या हातावर ठेवला.

"साहेब, हे जमिनीतलं पाणी नाही. लॉन्ड्रीचं आहे. तुम्ही कधी खाली उतरून वास घेतला का?"

साहेबांनी गोळ्याकडे पाहिलं, मग आपल्या बुटांकडे. मुकादम मिशीत हसला. पण खापरी हसली नाही. तिने सगळं सांगितलं. दीडची टाकी, वीस पावलं, चौथं झाकण. कुठे आहे ते झाकण, साहेबांनी विचारलं. तेव्हा तिने मान वर केली.

"या खोलीखाली. आजोबांनी वर खोली बांधली. त्यांची चूक झाली." तिने खोलीच्या दाराकडे बोट दाखवलं. "पण त्यांना ते उघडायचं होतं. मागच्या सुट्टीत ते मला म्हणाले होते, खापरे, जरा टोपल्या हलवायला ये गं, एक झाकण उघडायचंय, माझ्याच्याने आता एकट्याने होत नाही. मी पत्ते खेळत होते. मी म्हटलं, उद्या. दुसऱ्या दिवशी पण म्हटलं, उद्या. मग सुट्टी संपली."

मग आत्या उठली. आत्या इथे नकाशे काढायचं काम करायची. ती म्हणाली, खोलीचा नकाशा मीच काढलाय. चेंबर मला दिसलं होतं. बाबांना माहीत असेल म्हणून मी विचारलं नाही. मुकादम खाली बघत म्हणाला, गेल्या वर्षी पाणी तुंबल्याचं मला कळलं होतं, मला वाटलं साहेबांच्या कानावर असेल. साहेबांनी बराच वेळ हातातला गोळा दाबला. त्यांची बोटं निळी झाली. मग त्यांनी ट्रक परत पाठवला आणि बूट काढून ते शिडीवरून खाली उतरले.

खोली पाडावी लागली. भिंतीच्या वजनाने खालचा पाइप फुटला होता, दुसरा उपाय नव्हता. आत्या उभी राहून बघत होती. पहिला घण पडला तेव्हा तिने डोळ्याला पदर लावला, पण ती तिथून हलली नाही. तीन दिवसांत पाणी थांबलं. चौथ्या दिवशी साहेबांनी स्वतः खापरीच्या हातात आजोबांची थापी दिली आणि दोघांनी मिळून भिंतीतलं ते ओबडधोबड झाकण सोडवलं. सात रेघा होत्या. साहेबांनी त्या दोनदा मोजल्या.

"तुझ्या आजोबांचं बरोबर होतं," ते म्हणाले. "लोक परत आले होते. तुम्ही पोरं नसता तर हे मातीत गेलं असतं. शाबास. पाटी आपण दुसरीकडे लावू, चांगल्या जागी."

खापरीने मान हलवली. शाबासकीची तिने वर्षभर वाट बघितली असती, पण ती ज्यांच्याकडून हवी होती ते आता नव्हते.

संध्याकाळी चौथ्या चेंबरवर झाकण बसवायचं होतं. मुकादमाने ते जुनंच दगडी झाकण धुऊन आणलं, आणि उलटं करताच तो थबकला. त्याने तिघांना हाक मारली.

झाकणाखाली रेघा होत्या. खिळ्याने ओढलेल्या, सरळ, एकाशेजारी एक. हे गटार तेरा वर्षांपूर्वीचं. आजोबांनी कुणाला न सांगता दरवर्षी ते उपसलं होतं आणि त्या जुन्या लोकांसारखी रेघ ओढली होती. रेघा अकरा होत्या. पुढे दगड कोरा.

आत्याही जवळ आली होती, तिने रेघांवरून बोट फिरवलं. "बाबा, एकदा हाक तर मारायची," ती म्हणाली, आणि मग तिला आठवलं की त्यांनी मारली होती.

चेंबर साफच होतं, तरी खापरी आत उतरली, आणि दादा आणि शेपटाने वरून बादल्या ओढल्या. वर आल्यावर तिने खिळा मागितला. तिने अकराव्या रेघेशेजारी खिळा टेकवला, थांबली, आणि दोन बोटं जागा सोडून पुढे एक रेघ ओढली.

"मध्ये जागा का सोडलीस?" शेपटाने विचारलं.

"ती दोन वर्षं कुणी केलं नाही," खापरी म्हणाली. "पुढे कुणी हे खणून काढलं तर त्यांना खरं कळायला हवं."

मुकादमाने आणि दादाने झाकण उचललं. ते फार जड होतं. आजोबा ते एकटे कसे उचलत असतील याचा विचार करत खापरीने तिसऱ्या बाजूला हात लावला.