चार फुटांवरचा नल

नल थांबला... आणि नीलाचे ओठ आपोआप हलले.

चौऱ्याहत्तरचा हिवाळा. महाल भागातल्या एका शाळेच्या चित्रकलेच्या वर्गात बाकं भिंतीला सारून ‘अंगण संगीत मंडळी’चं नाटक चाललं होतं. एक पेटी, एक तबला, तिकीट एक रुपया. स्वयंवर रंगात आलेलं. नलाचं रूप घेऊन आलेले चार देव पुठ्ठ्याचे, कारण कंपनी लहान. खरा नल तेवढा हाडामांसाचा, आणि तोच नेमका वाक्य विसरला होता! नीला हे नाटक दुसऱ्यांदा बघत होती, पहिल्या रांगेत बसून. तिने नुसते ओठ हलवले –

“ज्याच्या गळ्यातली माळ कोमेजेल, तो मी.”

नलाने चार फुटांवरून तिच्याकडे पाहिलं आणि ते वाक्य असं काही म्हटलं, की टाळ्या पडल्या.

नाटक संपल्यावर कंपनीचे सर्वेसर्वा कृष्णकांतकाका धावतच आले. “बाई, तुम्ही आमच्याकडे या! आमच्या जागांना विंगा कुठल्या? प्रॉम्प्टर कुजबुजला की प्रेक्षकांना आधी ऐकू येतं. तुम्ही पहिल्या रांगेत बसा, ओठ हलवा, बस्स.”

एम.ए. झालेली, घरातून निघताना कुलूप तीनदा ओढून बघणारी नीला अशी प्रॉम्प्टर झाली. दर रविवारी दुपारी चारला कुणाची तरी बैठक, कुठलं तरी वाचनालय, आणि शालीखाली तिची वही. सगळे तिला ‘नीलाताई’ म्हणू लागले. एक चंद्रभान सोडून.

चंद्रभान म्हणजे नल. कुहीच्या शेतकऱ्याचा मुलगा, वाडीच्या एका गोदामात कारकून. रंगमंचावर अस्सल पुस्तकी मराठी. मुकुट उतरला की गडी परत कुहीचा. तो तिला नीलाबाई म्हणे, मास्तरीणबाई म्हणे. ताई मात्र चुकूनही नाही. नीलाच्या नजरेतून असल्या गोष्टी सुटत नसत.

“आजही विसरलात? तिथंच?” चहाच्या वेळी ती विचारी.

“काय करू बाई, डोक्यात दिवसभर ट्रक धावून राहतात.”

“पदं कशी विसरत नाही मग?”

“पदात सूर राहते ना. वाक्यात...” तो बशीत बघून हसे, “वाक्यात तुमीच.”

एका शनिवारी काकांनी ते वाक्यच बदललं. “अहो, माळ कागदाची! ती कोमेजणार कशी? पोरं हसतात.” नवं वाक्य लिहिलेला कागद नीलाने वहीत चिकटवायचा होता. तीनदा कुलूप बघणारी ती, नेमकी तोच कागद घरी विसरली.

रविवारी नल ठरल्या जागी थांबला. तिच्याकडे पाहिलं. नीलाने वहीत होतं तेच, जुनं वाक्य ओठांवर आणलं. नल किंचित हसला... आणि घडाघडा म्हणाला, “दमयंती, देवांच्या कपाळावर घाम येत नाही. मला येतो. एवढ्यावरून ओळख!”

हे नवं वाक्य तर तिने दिलंच नव्हतं!

काकांना मात्र फक्त ते थांबणं दिसलं. “पुढच्या रविवारी रामदासपेठेत प्रयोग आहे. तिथं अडखळलास तर नल आपल्या कंपनीतला देवराव करील. हा शेवटचा शब्द.”

चंद्रभान सायकल काढत होता, तिथं नीलाने त्याला गाठलं. “तुम्हाला पाठ आहे!”

“हो.”

“सगळं?”

“दमयंतीचंबी.”

“मग काहून थांबता?” रागाच्या भरात तिच्या तोंडून त्याचाच शब्द गेला.

त्याने उगाच घंटी वाजवली. “मले सांगा, साऱ्या लोकांसमोर तुमच्याकडे इतकं पाहता आलं असतं काय? एरवी पाहिलं तर बदमाश... नाटकात पाहिलं तर टाळ्या.”

“आणि भूमिका गेली तर?”

“तर रविवार बी गेला.” तो आता हसत नव्हता. “नीलाबाई, कुहीहून बाबाले घेऊन तुमच्या घरी येऊ काय?”

तिच्या छातीत तबला वाजू लागला. “रविवारी सांगते. पण एक शब्दही विसरायचा नाही. सोंग केलंत तर मी ओठ हलवणार नाही – सांगून ठेवते!”

आठवडाभर तिला घास गोड लागला नाही. हो म्हणावं, तर घरी काय म्हणतील? नाही म्हणावं, तर... ते मात्र तिला मनातसुद्धा म्हणता येईना.

रामदासपेठेतल्या एका डॉक्टरांच्या दिवाणखान्यात तीस माणसं दाटीवाटीने बसली. दुसऱ्या रांगेत तिची आई आणि वडील, अण्णा. नांदी सुरू व्हायच्या आत पडद्याआड जाऊन ती एवढंच म्हणाली, “बाबांना घेऊन या,” आणि पळत येऊन जागेवर बसली.

स्वयंवर आलं. नल थांबला.

पुन्हा सोंग! नीलाने ओठ घट्ट मिटले. दमयंतीने माळ या हातातून त्या हातात घेतली. पेटीवाल्याने सूर लांबवला. काका दाराशी उभे, चेहरा लाल. आणि नल तिच्याकडे बघतोय... पण ही नेहमीची नजर नव्हती. पौषाची थंडी, खिडक्या उघड्या, आणि त्याच्या कानशिलावरून घामाचा एक थेंब मुकुटाच्या दोरीवर उतरला.

हा खरंच विसरला होता!

तिने ओठ हलवले. त्याला काही दिसेचना. शेवटी नीला उभीच राहिली, आणि भर दिवाणखान्यात, मोठ्याने –

“दमयंती, देवांच्या कपाळावर घाम येत नाही. त्याला येतो. एवढ्यावरून ओळख!”

दमयंतीने वळून घामाघूम नलाच्या गळ्यात माळ घातली आणि दिवाणखाना टाळ्यांनी दणाणला. कुणीतरी ‘वन्स मोर’सुद्धा ओरडलं.

“एवढा मोठा आवाज कधी झाला गं तुझा?” प्रयोगानंतर अण्णांनी विचारलं. मग कोपऱ्यात उभ्या नलाकडे, आणि परत तिच्याकडे बघत म्हणाले, “चहाला बोलव त्याला घरी.”

काकांनी तिची वही मागून घेतली. चंद्रभानने मान खाली घातली. काकांनी त्या वाक्याआधीचं ‘नल’ खोडलं, जरा विचार केला आणि लिहिलं: ‘पहिल्या रांगेतली बाई.’

“यापुढे हे वाक्य तुमचं,” ते नीलाला म्हणाले. “नल नुसता तुमच्याकडे बघेल.”

“जमते,” नल म्हणाला. “त्याची तालीम झाली आहे.”