लाल पट्टी आणि टिकलीचा शब्द

"जीभ दाखव, गोळीचा रंग लागलाय का बघते," आईने दवाखान्यातच फर्मावलं आणि टिकलीचे डोळे भरून आले.

टिकली आणि तिची ताई सुट्टीत आईबरोबर मामीकडे आल्या होत्या. मामी दातांची डॉक्टर. दात किडायचा धोका किती, हे ती लाळ तपासून सांगायची. कपात थुंकायचं, त्यात पट्टी बुडवायची. हिरवी झाली तर निर्धास्त राहायचं. लाल झाली तर लाळ आंबट, म्हणजे दातांना धोका.

टिकलीची पट्टी लालभडक झाली होती! दाढ भरून घेतल्यापासून गोड गोळ्यांना हात लावणार नाही, असा शब्द तिने आईला दिला होता.

"चोरून खाल्लंस ना?"

"नाही गं आई. खाल्लं असतं तर सांगितलं असतं."

आई पाठ फिरवून बाहेर गेली. ते टिकलीला फार लागलं.

तेवढ्यात मामीचा मुलगा आला. ताडमाड वाढल्यामुळे त्याला सगळे उंट म्हणत. "काहीतरी गडबड आहे," तो कुजबुजला. "सकाळपासून सगळ्यांचंच लाल येतंय. त्या आजोबांचंसुद्धा, जे अजून दातांनी अक्रोड फोडतात."

"मग पट्ट्याच खराब असतील," ताई म्हणाली. "थुंक बघू."

मामीकडून एक पट्टी मागून आणून उंट थुंकला. पट्टी हिरवीगार! पट्ट्या तर ठणठणीत होत्या. ताई विचारात पडली आणि एकदम टिकलीजवळ जाऊन हुंगू लागली.

"तुझ्या तोंडाला लिंबाचा वास कसा?"

"काकांनी तपासणीची गोळी दिली होती ना, तिचा."

काका म्हणजे मामीचे मदतनीस. त्यांना विचारलं, तर स्वारी खुशीत सांगू लागली, "लाळ सुटायला आपण बेचव मेण चघळायला देतो. ते संपलं. मग मी डोकं चालवलं, खिशातल्या लिंबाच्या गोळ्या वाटल्या. काय लाळ सुटते म्हणून सांगू!"

उंटाने हात पुढे केला, एक गोळी चघळली आणि पुन्हा थुंकला. या वेळी पट्टी लाल झाली. काकांचा चेहरा पार उतरला.

मामीने कपाळावर हात मारला. "अरे देवा, लोकांना उगाच घाबरवलं मी. सगळ्यांना परत बोलवायला हवं." मग ती टिकलीकडे वळली. "पण तुझी लाळ मुळातच आंबट असेल तर? चूळ भर, तासभर काही खाऊ नकोस. मग बघू."

तो तास काही केल्या सरेना. टिकली ओठ घट्ट मिटून बसली होती. शेवटी मामीने पट्टी बुडवली, तेव्हा आईही येऊन मागे उभी राहिली.

पट्टी हिरवी झाली.

"शाब्बास! शोध लावलात तुम्ही," मामीने तिघांची पाठ थोपटली. आईने टिकलीला जवळ घेतलं. "चुकलंच माझं. तुझ्या शब्दावर विश्वास ठेवायला हवा होता."

तेवढ्यात नवा पेशंट आला आणि काकांचा हात सवयीने खिशात गेला.

"काका, गोळ्या," टिकलीने तळहात पुढे केला. त्यांनी निमूटपणे अख्खी पुडी तिच्या हातावर ठेवली. ती घेऊन टिकली एकटीच आतल्या खोलीत गेली, पुडी कपाटात ठेवून परत आली.

आईने जीभ दाखवायला सांगितली नाही. उलट ती नव्या पेशंटला अभिमानाने म्हणाली, "ही माझी धाकटी."